नारळवाल्या माकडांचा दुसरा भाग

दुधी भोपळा सोडलेल्या माणसाला लाल भोपळा चालतो का, हा प्रश्न चंद्रभागाबाईंनी कल्याणच्या गुरुजींना विचारला तेव्हा गुरुजींच्या तोंडात विडा होता आणि समोर सत्यनारायणाची आणखी दोन आमंत्रणं ताटकळत बसलेली होती. त्यांना वाटलं, प्रश्न भोपळ्याचाच आहे. कुणालाही तसंच वाटलं असतं. डोंबिवलीच्या चिंतामणी सोसायटीत ज्यांच्या उपासतापासांवर बाकीच्या बायका आपली तिथी ताडून पाहत, त्या चंद्रभागाबाई भोपळ्यावाचून दुसरं काय विचारणार?

पण चंद्रभागाबाईंनी त्या चातुर्मासात दुधी सोडलेला नव्हता. त्यांनी व्हिडिओ गेम सोडलेला होता.

हे वाक्य त्या मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हणत नसत. अर्ध्यावर आलं की 'हरी हरी' म्हणून देवघर पुसायला घेत.

गेम खरं तर त्यांचा नव्हताच. त्यांचा कोपरीचा भाऊ नाथा मस्कतला नोकरीला. त्याने तो बाईंच्या नवऱ्यासाठी, विश्रामरावांसाठी आणलेला. विश्रामरावांचा जन्म मोहन्याच्या कारखान्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांची बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोटांना चाळा ठेवा. विश्रामरावांनी आयुष्यभर सगळ्या गोष्टींना नावं ठेवण्याचा चाळा ठेवलेला, पण त्यात बोटं लागत नाहीत. म्हणून हा गेम. साबणाच्या वडीएवढा. त्याच्या काचेत दोन माड, माडांवर माकडं, आणि खाली टोपली घेतलेला एक मनुष्य. माकडं नारळ टाकतात, मनुष्याने ते झेलायचे. डावीकडे न्यायला एक बटण, उजवीकडे न्यायला एक. झेलला की 'टिक'. तीन नारळ फुटले की माकडं नाचतात आणि खेळ खलास.

विश्रामरावांनी तो काही दिवस खेळून, माणसाच्या अंगात चपळाई नाही असा शेरा मारून कपाटावर ठेवला. चंद्रभागाबाईंनी तो धूळ पुसायला खाली घेतला. धूळ पुसता पुसता बोट बटणावर पडलं. बस्, एवढंच झालं. घात व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. दुपारी विश्रामराव घोरायला लागले की बाई स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसत आणि माकडांना सामोऱ्या जात. मग जपाला बसलं की माळेचा मणी सरकताना कानात 'टिक' व्हायला लागलं. एकदा गणपतीच्या देवळात पुजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ लांबून टाकला, तेव्हा पुढच्या चार बायका भिऊन मागे सरकल्या. चंद्रभागाबाई मात्र नकळत डावीकडे दोन पावलं गेल्या आणि पदरात नारळ अलगद झेलला. "काय भक्ती आहे!" असं मागे कुणीतरी म्हणालं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

म्हणून आषाढी एकादशीला त्यांनी गेम सोडला. देवळात दरवर्षी बायका आपण काय सोडलं ते सांगत. कांदा, लसूण, वांगं तर सगळ्याच सोडतात. त्यावर ज्याची त्याची भर. खालच्या मजल्यावरच्या गोदूबाईंनी चहातली साखर सोडली (गूळ चालू होता). चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, "मी माझ्या आवडीची एक वस्तू सोडलीय."

"कुठली ओ वैनी?" गोदूबाईंनी विचारलं.

"ती सांगायची नसते."

असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. पण चंद्रभागाबाईंच्या तोंडून आलं म्हटल्यावर सगळ्यांना ते लिहिलेलं असावंसंच वाटलं. वर त्या वर्षी अधिक भाद्रपद. म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. देवाने परीक्षा घ्यायची ठरवली की तो पंचांगातच सोय करून ठेवतो.

श्रावण निभावला, दोन्ही भाद्रपद निभावले. आणि आश्विनात नाथा मस्कतहून आला तो माकडांचा दुसरा भाग घेऊन.

हा पानाच्या डब्यासारखा उघडायचा. वरच्या झाकणात एक काच, खालच्या भागात दुसरी. माकडं वर, मनुष्य खाली. विश्रामरावांनी तो तासभर खेळून निकाल दिला.

"पहिल्याची सर नाही! उगाच दोन मजले केलेत. माकडं आता मधूनच दगड टाकतात. अरे, माकड दगड कुठून आणणार माडावर? काही विचार नको? अगं, तू खेळून बघ जरा. सांग मला."

"मला नको," चंद्रभागाबाई पोळी लाटत म्हणाल्या.

"का? तो पहिला बरा खेळायचीस."

लाटणं थांबलं. यांना ठाऊक होतं? हे घोरत होते की ऐकत होते?

"आणि हा काय पहिला आहे? दुसरा आहे हा," विश्रामराव म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

हा पहिला नाही, दुसरा आहे. बाईंच्या मनात हे वाक्य जे शिरलं ते तुळशीला पाणी घालताना निघेना की वाती वळताना निघेना. आपण देवासमोर सोडला तो पहिला. दुसरा तेव्हा जन्मलाही नव्हता. न जन्मलेली वस्तू सोडता येते का? हा प्रश्न गुरुजींनाच विचारायला हवा होता. पण गुरुजींसमोर 'माकडं' कसं म्हणणार? म्हणून भोपळा.

गुरुजींनी विडा एका गालात सारला. "बाई, भोपळा म्हणजे भोपळा. पण ज्या चवीच्या मोहाने एक सोडला, ती चव दुसऱ्यात नसेल तर बाधा नाही. असेल, तर मोडला."

"पण चाखल्याशिवाय कळणार कसं?"

"ते ज्याचं त्याला," असं म्हणून गुरुजी सत्यनारायणाकडे वळले.

शास्त्र इथपर्यंतच पोहोचलं. गुरुजींच्या घरातली बातमी मात्र बाईंच्या आधी डोंबिवलीला पोहोचली.

"वैनी, दुधी व्हय?" गोदूबाई जिन्यातच उभ्या होत्या. "आणि आता लाल भोपळ्यावर मन गेलंय? अहो मग सांगायचं नाही का! खुशाल खा. आमचे चुलत सासरे होते, त्यांनी विडी सोडलेली. पाच वर्षं तपकीर ओढायचे. गेले तरी नेम शाबूत."

तिथेच सोसायटीचे सेक्रेटरी मारुतराव पाण्याच्या टाकीची चावी घेऊन उभे होते. त्यांनी नियम सांगितला. "इमारतीवर मजला चढवला तर नवीन परवानगी लागते. जुन्या परवानगीत तो धरत नाहीत. म्हणजे कायद्याने वेगळी वस्तू झाली. आता तुमचा भोपळा जुन्या पायावर आहे की स्वतंत्र, ते बघा."

दोन मजले! चंद्रभागाबाई चपापल्या. पण मारुतरावांना माकडांची गोष्ट माहीत असणं शक्य नव्हतं. ते सगळ्याच प्रश्नांना मजलेच लावत.

त्या दिवसापासून घरात लाल भोपळा यायला लागला. गोदूबाईंचे घारगे आले, वरच्या मजल्यावरून भरीत आलं, समोरच्या बिल्डिंगमधून खीर आली, आणि देवळातल्या एका भाविकाने अख्खा भोपळाच आणून दारात ठेवला. चंद्रभागाबाईंना लाल भोपळा लहानपणापासून आवडत नसे. पण 'माझ्या प्रश्नाचा भोपळ्याशी संबंध नाही' असं सांगितलं, तर मग संबंध कशाशी, हे सांगावं लागलं असतं. त्या मुकाट्याने खात राहिल्या. विश्रामरावांना भोपळ्याने पित्त झालं, आणि त्यांनी भोपळ्यालाही पहिल्याची सर नाही असं म्हटलं. म्हणजे कुठल्या पहिल्याची, ते कुणी विचारलं नाही.

अखेर एका दुपारी चंद्रभागाबाईंनी पाट घेतला, देवाला हात जोडले, आणि चव वेगळी आहे का एवढंच बघण्यासाठी दुसरा भाग उघडला.

चव वेगळी होती. वाईटच होती. नजर वरच्या काचेवर ठेवावी तर खाली मनुष्य नको तिथे उभा. खाली बघावं तर वरून दगड. नारळ आणि दगड यांत फरक एका शेंडीचा. तीन वेळा दगड डोक्यात बसून मनुष्य आडवा झाला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मोह नाही! म्हणजे वस्तू निराळी! म्हणजे बाधा नाही!

पण एका दिवसाच्या चवीवर कसं सांगणार? कारलंसुद्धा एखाद्या दिवशी गोड लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. औषध घ्यावं तसं तोंड वाकडं करून. जोवर आवडत नाही तोवर नेम शाबूत आहे, हा हिशेब त्यांनी पक्का धरला होता. आपल्याला आवडत नाही याची खात्री करायला त्यांना रोज जरा जास्त वेळ लागू लागला.

आणि मग एके दिवशी टोपली भरली. तोवर ती कधी भरलीच नव्हती. टोपली भरली, माकडं थबकली, आणि खालच्या काचेच्या कडेने एक बाई आली. लुगड्यातली नव्हे, कुठल्याशा परदेशी झग्यातली. पण डोक्यावर चुंबळ. ती त्या मनुष्याची बायको होती. तिने भरलेली टोपली डोक्यावर घेतली, रिकामी त्याच्या हातात दिली, आणि चालत निघून गेली. जाता जाता मान वळवून बघितलंसुद्धा.

"अगं बाई!" चंद्रभागाबाई म्हणाल्या. मोठ्याने.

बस्. त्याच क्षणी नेम मोडला. तो पाटावर बसल्यावर मोडला नव्हता, बटण दाबल्यावर मोडला नव्हता. तो 'अगं बाई'ला मोडला. त्यांना पुरतं कळलं. त्यांनी गेम मिटला, कपाटावर ठेवला, त्यावर गीतेची पोथी ठेवली, मग पोथी काढून घेतली, कारण ती तिथे शोभेना. दुसऱ्या दुपारपासून गेमही रोज खाली येऊ लागला.

पुढचं सांगायला अवघड आहे. कारण त्या आठवड्यात बिल्डिंगने चंद्रभागाबाईंना तुळशीची आई केलं.

चिंतामणी सोसायटीत तुळशीचं लग्न म्हणजे घरचं कार्य. कन्यादानाला जी बसते तिचा चातुर्मास अभंग असावा लागतो. गोदूबाईंना कितीतरी वर्षं तिथे बसायचं होतं. पण दर वर्षी गूळ आड येई. यंदा त्यांनीच नाव सुचवलं. "वैनींच्याशिवाय कोण? भोपळ्याचासुद्धा गुरुजींना विचारून घास घेते बाई!"

"मला नको. माझी लायकी नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. खरं ते म्हणाल्या. सगळ्या बायकांनी एकमेकींकडे कौतुकाने पाहिलं. खरं बोलून सुटका होत नाही, उलट मान वाढतो, हा अनुभव त्यांना नवा होता. त्या घरी येऊन रडल्या.

मग त्यांनी निदान अर्धं पाप तरी फेडायचं ठरवलं. नेमाच्या उद्यापनाला सोडलेली वस्तूच दान द्यावी लागते. गोदूबाईंनी त्यासाठी कल्याणच्या बाजारातून चांगला गोल बुडाचा दुधी आणून हळदीकुंकू लावून ठेवला होता. नुसता दुधी दिला तर देवाशी खोटं; गेम दिला तर बिल्डिंगसमोर लाज. पण गुप्तदान तर शास्त्रातच आहे. कोहळ्यात सोन्याचा मणी घालून देतातच की! चंद्रभागाबाईंनी दुधीचं बूड कापलं, गर काढला, पहिला गेम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत सारला, आणि बूड कणकेने चिकटवून वर लाल दोरा गुंडाळला. दुसऱ्याचं काय करायचं, ते त्यांना सुचलं नाही.

द्वादशीच्या संध्याकाळी अंगणात ऊस उभे राहिले, तुळशीला हिरवी साडी नेसवली, बाळकृष्णाला मुंडावळ्या बांधल्या. आधी उद्यापन झालं. चंद्रभागाबाईंनी तुळशीपत्र ठेवून दुधीवर पळीभर पाणी सोडलं, गुरुजींनी तो पिशवीत टाकला. मग अंतरपाट धरला. गुरुजींनी पहिली मंगलाष्टका म्हटली, अक्षता पडल्या; दुसरीसाठी श्वास घेतला, आणि त्यांच्या पिशवीतून माकडं नाचायला लागली.

त्या गेममध्ये घड्याळही होतं आणि गजरही. विश्रामरावांनी आदल्याच रात्री त्यावर आपल्या संध्याकाळच्या गोळीची वेळ लावून ठेवली होती, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती.

"टीं टिडीं टीं!" पिशवी म्हणाली.

ते साल असं होतं की मुंबईत मार्चमध्ये झालेले बॉम्बस्फोट लोक विसरले नव्हते. जागोजागी पाट्या होत्या, बेवारस वस्तूला हात लावू नका. मारुतरावांनी तर त्यावरचं व्याख्यानही ऐकलेलं होतं.

"टायमर आहे! सगळे मागे व्हा!" मारुतराव ओरडले.

अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला. अंगण बघता बघता रिकामं झालं. मागे उरली फक्त तुळस, बाळकृष्ण आणि ती पिशवी. नवरानवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहून घेतलं.

"वाळू आणा! वाळूच्या बादल्या कुठायत?" मारुतराव गेटाबाहेरून ओरडले.

"पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याला घेतली," कुणीतरी म्हणालं.

"परवानगी कोणाची घेतली?"

कोपऱ्यावरचा हवालदार आला. त्याने लांबूनच चौकशी सुरू केली. "वस्तू काय आहे?"

"दुधी."

"मस्करी करता काय? मालक कोण?"

सगळे गुरुजींकडे वळले. गुरुजी घाईने म्हणाले, "दान दिलं गेलं हे खरं. पण मी अजून मनाने स्वीकारलेलं नाही."

"म्हणजे सध्या मालक कोणच नाही? मग बेवारसच झाली," हवालदार म्हणाला. "ठाण्याहून पथक मागवावं लागेल. अर्ज कोण देतंय?"

चंद्रभागाबाई मघापासून सांगत होत्या. "अहो, तो गेम आहे. माझा आहे." पण चार हातांवर ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी जन्मात काढलेला नव्हता. त्यांनी विश्रामरावांची बाही ओढली. विश्रामराव म्हणाले, "थांब गं, हा आवाज कुठेतरी ऐकलाय." तेवढ्यात पिशवी पुन्हा म्हणाली, "टीं टिडीं टीं!" आणि गोदूबाई रामरक्षा म्हणायला लागल्या.

तेव्हा चंद्रभागाबाई चालत निघाल्या. मागून "वैनी! अहो वैनी!" अशा हाका आल्या. त्यांनी पिशवीतून दुधी काढला, तुळशीच्या कट्ट्यावर आपटून फोडला, त्यातून बियांनी माखलेला गेम काढला, पदराने पुसला आणि बटण दाबलं. माकडं गप्प झाली. मग त्या सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण सोसायटीने मागच्याच वर्षी अंगणात लाद्या बसवलेल्या.

हळूहळू माणसं आत आली. बाईंनी हळू आवाजात, पण सगळं, म्हणजे पहिल्या भागापुरतं सगळं सांगितलं.

"आणि आम्ही वैनींना घारगे घालत बसलो!" गोदूबाईंनी कपाळावर हात मारला.

आधी हशा झाला. मग हसणं ओसरलं आणि कौतुक सुरू झालं. याला म्हणतात त्याग! आपल्याला काय, दुधी सोडायला काय जातं? बाईने खरी आवडीची वस्तू सोडली, पाच महिने हात लावला नाही, आणि वर गुपचूप दान दिली. मारुतराव म्हणाले, सोसायटीच्या सभेत अभिनंदनाचा ठराव मांडतो. हवालदारानेही तुळशीला नमस्कार केला. बायकांनी चंद्रभागाबाईंना हाताला धरून पुन्हा कन्यादानाच्या पाटावर बसवलं. अंतरपाट झटकून पुन्हा धरला गेला.

गुरुजींनी आता दान मनापासून स्वीकारलं होतं. गेम उलटसुलट करून बघत ते सहज म्हणाले, "विश्रामराव सांगत होते, याचा दुसराही भाग आलाय म्हणे. तो कसा आहे हो? याच्यापेक्षा बरा?"

"छे! सर नाही," विश्रामराव म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. बाईंना विचारलं."

चंद्रभागाबाईंच्या ओंजळीत कन्यादानाचं पाणी होतं. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. समोर तुळस होती, हिरव्या साडीत, खाली बघणारी.

"बरा आहे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "याच्यापेक्षा खूपच बरा आहे."

काहीजणींना अर्थ लागला, काहीजणींना लागत होता.

"म्हणजे कसा?" गुरुजींनी विचारलं.

"पहिल्यात नुसते नारळ झेलायचे. झेललेले जातात कुठे, खातं कोण, काही नाही. बिचारा एकटाच धावत असतो. दुसऱ्यात वरून दगडही येतात. आधी राग येतो. पण दगड कुठला आणि नारळ कुठला हे ओळखायला लागलं की पहिला अगदीच पोरकट वाटतो बघा. आणि टोपली भरली ना, की त्याची बायको येते."

"बायको?" गोदूबाई पुढे सरकल्या.

"हो. चुंबळ घेऊन. ती यायच्या आत नारळ पडला तर भरल्या टोपलीतले सांडतात. म्हणून तिची वाट बघत तोल सांभाळायचा. जीव नुसता वरखाली होतो. कधी ती उशिरा येते. कधी अर्ध्या वाटेवरून परत जाते, काय विसरते कुणास ठाऊक. आणि आली, की टोपली घेते आणि जाताना अशी मान वळवून..."

त्यांनी मान वळवून दाखवली. समोर सगळ्या बायका श्वास रोखून बसलेल्या होत्या. श्रावणात दर शुक्रवारी त्यांनी याच बायकांना कहाणी वाचून दाखवली होती, आणि दर शुक्रवारी निम्म्याजणी डुलक्या घेत होत्या. आज एकही डुलत नव्हती. चंद्रभागाबाईंच्या लक्षात आलं की आपले दोन्ही अंगठे हवेत हलतायत, गाल तापलेत, आणि ओंजळीतलं कन्यादानाचं पाणी केव्हाच मांडीवर सांडून गेलंय.

"आणि मग?" गोदूबाईंनी विचारलं. "मग काय होतं ओ वैनी?"

"मग काही नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्या पाटावरून उठल्या, तो पदराने पुसला, आणि बाजूला झाल्या. "गोदूबाई, इथे तुम्ही बसा."